जुन्या आयरिश चांदीवरचे ठसे कसे वाचायचे: वर्षाचं अक्षर सगळ्यात शेवटी बघा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे पुढचं उत्तर नीट लागेल. तुम्ही कॉर्कजवळच्या एका जुन्या घराच्या लिलावात एक लॉट घेतला, त्यात तीन वस्तू आल्या. एक लांब दांड्याचा वाढायचा चमचा, एक तीन पायांचं साखरेचं भांडं आणि एक शॅमरॉकची (तीन पानांचं आयरिश चिन्ह) नक्षी असलेला टीपॉट. चमच्यावर मुकुट घातलेलं हार्प (तारांचं वाद्य), एक बसलेली बाई, 'के' हे कॅपिटल अक्षर आणि दोन आद्याक्षरं आहेत, राजाचं डोकं कुठे दिसत नाही. कुठलं अक्षर कुठल्या वर्षाचं ते सांगणाऱ्या नेटवरच्या तक्त्यात 'के' शोधलं तर अर्धा डझन वर्षं निघाली, 1782 पण आहे आणि 1905 पण. साखरेच्या भांड्यावर फक्त आद्याक्षरं आणि 'स्टर्लिंग' एवढंच आहे, हार्प नाही बाई नाही, म्हणून लिलावातल्या कुणीतरी सांगितलं की हे अमेरिकन आहे. आणि टीपॉटच्या खाली ईपीएनएस लिहिलंय. प्रश्न असा की खरं काय, किती जुनं आणि वर्ष कसं ठरवायचं.

मी बरीच वर्षं इथे आयर्लंडमध्ये जुन्या चांदीचं कॅटलॉगिंग करतोय, आणि हा तक्त्याचा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो, कारण सगळे पहिल्यांदा अक्षरावरच तुटून पडतात. अक्षर दिसायला सगळ्यात सोपं असतं, तक्ता पण लगेच मिळतो, पण आयरिश चांदीत वर्षाचं अक्षर हा सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे. आधी हार्प बघायचं, मग बाई, मग राजाचं डोकं आहे का नाही, मग वस्तूचा घाट, मग कारागिराची आद्याक्षरं, आणि हे सगळं झाल्यावर अक्षर. या क्रमाने गेलात तर अक्षर बघायच्या वेळेपर्यंत अर्ध्याहून जास्त वर्षं आपोआप गळून पडलेली असतात.

आपल्याकडे सोन्यावर बीआयएसचा त्रिकोण असतो, कस असतो आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असतो, तो ॲपमध्ये टाकला की माहिती समोर येते. जुन्या चांदीला असं काही नाही, चार-पाच छोटे पंच, म्हणजे ठोकून उठवलेले ठसे, आणि ते पण दोनशे वर्षं घासलेले, त्यातूनच सगळं काढायचं. पण ते पंच का मारले जायचे हे कळलं की ते बोलायला लागतात.

डब्लिनच्या सोनारांच्या कंपनीला, म्हणजे तिथल्या गिल्डला, पहिल्या चार्ल्स राजाने 1637 च्या डिसेंबरमध्ये सनद दिली आणि 1638 पासून मुकुटवालं हार्प आणि वर्षाचं अक्षर मारायला सुरुवात झाली. हार्प म्हणजे कस. हजारात 925 भाग चांदी, म्हणजे स्टर्लिंग. लंडनला जसा चालणारा सिंह तसं डब्लिनला हार्प, आणि सुरुवातीला शहराचा वेगळा ठसा नव्हता, हार्पच कस पण सांगायचं आणि गाव पण. मुकुट दिसला म्हणून ते ब्रिटिश काळातलंच असेल असं मात्र धरू नका, कारण आयर्लंड 1922 ला वेगळं झालं तरी हार्पवरचा मुकुट कुणी काढला नाही, तो ठसा पुढेही तसाच चालू राहिला. त्यामुळे हार्प तुम्हाला एवढंच सांगतं की ही चांदी डब्लिनला तपासून पास झालीये, काळाबद्दल ते फार बोलत नाही. हां, हार्पचा आकार, तारा किती बारीक, भोवतीची चौकट कशी, यावरून अनुभवी माणूस काही दशकांचा अंदाज घेतो, पण त्यासाठी डोळ्याखालून बऱ्याच वस्तू जाव्या लागतात.

मग ती बसलेली बाई. ती हायबर्निया, आयर्लंडचं मानवी रूप. तिच्या बाजूला हार्प असतं, हात त्यावर टेकलेला आणि दुसऱ्या हातात पामची फांदी. लोक तिला ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं तसंच मानवी रूप, समजतात आणि मग 1697 ते 1720 मधली इंग्लिश जास्त कसाची चांदी आहे असं म्हणून खूश होतात. ब्रिटानियाच्या बाजूला ढाल असते, हायबर्नियाच्या बाजूला हार्प, दहा पटीच्या भिंगाखाली हा फरक दिसतो, आणि मुळात तो जास्त कसाचा इंग्लिश कायदा आयर्लंडला लागूच झाला नव्हता, इथले सोनार त्या सगळ्या काळात 925 वरच काम करत होते.

हायबर्निया आली ती टॅक्समुळे. 1730 पासून आयर्लंडमध्ये चांदीच्या भांड्यांवर दर औंसाला सहा पेन्स ड्युटी लागली, आणि ती भरली याची पावती म्हणून हायबर्नियाचा पंच. म्हणजे बाई आहे तर वस्तू 1730 च्या आधीची असूच शकत नाही, ही पहिली पक्की भिंत. दुसरी भिंत 1807. त्या वर्षी राजाच्या डोक्याचा ठसा ड्युटीसाठी आला, आणि गंमत अशी की हायबर्नियाचं काम संपलं तरी तिला काढलं नाही, ती तशीच राहिली आणि हळूहळू डब्लिनच्या कार्यालयाची ओळखच बनली. मग 1890 ला ड्युटीच रद्द झाली, डोकं गेलं, हार्प आणि हायबर्निया राहिल्या.

आता या तीन तारखा, 1730, 1807 आणि 1890, डोक्यात ठेवा आणि तुमच्या चमच्याकडे परत या. बाई आहे, डोकं नाही. म्हणजे एकतर 1730 ते 1807 मधला किंवा 1890 नंतरचा. 1830 आणि 1880 एका क्षणात बाद, कारण त्या दोन्ही वर्षी राजा किंवा व्हिक्टोरिया राणीचं डोकं असायला हवं. अट एकच, ते डोकं खरोखर नव्हतंच, का घासून गेलंय हे आधी बघायचं. खिडकीपाशी जा, ऊन तिरकं पडू दे, चमचा हळूहळू फिरवा. घासलेला ठसा असेल तर एक गुळगुळीत, किंचित खोलगट अंडाकृती जागा दिसते, ठशांच्या रांगेत मध्येच एक मोकळी खुर्ची असल्यासारखी. तुमच्या फोटोत तशी जागा मला दिसत नाही, ठशांमधलं अंतर सारखं आहे.

उरली 1905, 1806, 1782 आणि त्याआधीची एखाद-दोन. 1905 चा 'के' वेगळ्या वळणाचा आहे, 1896 ला सुरू झालेली मालिका जुन्या गॉथिक वळणाच्या कॅपिटल अक्षरांची आहे, आणि तुमचा 'के' सरळ साधा रोमन आहे. तो पण गेला. बघा, अजून आपण तक्ता नीट उघडलाही नाही.

आता घाट. तुमच्या चमच्याचा दांडा टोकाला निमुळता, टोकदार आहे, आणि त्यावर ब्राइट-कट काम आहे, म्हणजे तिरक्या धारेच्या हत्याराने काढलेल्या बारीक चकचकीत रेषा, हलवल्यावर हिऱ्यासारख्या चमकतात. टोकदार दांडा ही खास आयरिश आवड आहे, इंग्लंडमध्ये त्या काळात टोक गोल करायचे, इथे टोकदार ठेवायचे, कलेक्टर लोक त्याला सेल्टिक पॉइंट म्हणतात. ब्राइट-कटची फॅशन 1770 च्या दशकाच्या शेवटाकडे आली आणि 1800 नंतरच्या काही वर्षांत ओसरली. म्हणजे 1750 च्या आसपासचा 'के' पण बाद. (लिमरिकचे सोनार त्याच टोकावर तीन पिसांचा तुरा कोरायचे, तो दिसला तर लगेच सांगा, ती वेगळीच मजा आहे आणि किंमत पण वेगळी.)

ठसे कुठे मारलेत ते पण बघायचं. जुन्या चमच्यांत ठसे दांड्याच्या खालच्या अरुंद भागात, वाटीच्या जवळ, दाटीवाटीने मारायचे आणि मग दांडा परत ठोकून सरळ करायचे, त्यामुळे ते ठसे चेपलेले, लांबट झालेले दिसतात. साधारण 1780 च्या आसपास हळूहळू ठसे दांड्याच्या वरच्या रुंद टोकाकडे गेले, तिथे ते ऐसपैस आणि स्पष्ट बसतात. तुमच्या चमच्यावर ते वरच्या टोकाकडे एका रांगेत आहेत. त्यामुळे माझा कल 1806 कडे आहे, पण 1782 पूर्णपणे सोडता येत नाही कारण तो बदल एका दिवसात झालेला नाही.

इथे आता अक्षर आणि आद्याक्षरं दोन्ही लागतात. डब्लिनच्या एका मालिकेची सुरुवात 1773 ला 'ए' पासून, पुढची 1797 ला परत 'ए' पासून, मध्ये 'जे' आणि 'व्ही' धरत नाहीत म्हणून चोवीस अक्षरांत फेरी पूर्ण होते. म्हणून तुमचे 1782 आणि 1806 बरोबर चोवीस वर्षांच्या अंतराने आलेत. दोघांची अक्षरं सारखीच वाटतात, फरक चौकटीच्या आकारात आणि सोबतच्या हार्पच्या वळणात शोधायचा. आणि एक लक्षात घ्या, हे कार्यालयाचं वर्ष त्या काळी जानेवारीत सुरू व्हायचं नाही, म्हणून एक अक्षर दोन कॅलेंडर वर्षांवर पसरलेलं असतं, 1806 म्हणजे 1806-07 समजायचं.

कारागिराची आद्याक्षरं इथे निकाल लावतात. 1784 पासून आयर्लंडभरच्या सोनारांना डब्लिनच्या कंपनीकडे नाव नोंदवणं कायद्याने भाग पडलं, त्यामुळे त्या काळापासून कोण कधी काम करत होतं याचा माग बराच चांगला लागतो. तुमच्या चमच्यावरचा माणूस 1790 च्या दशकात पहिल्यांदा दिसत असेल तर 1782 मिटला. पण नुसत्या दोन अक्षरांवरून नाव ठोकून देऊ नका. एकाच आद्याक्षरांचे तीन-चार सोनार एकाच वेळी डब्लिनमध्ये असायचे. मध्ये टिंब आहे का, चौकट सरळ आहे का कंगोरेदार, अक्षरं जोडलेली आहेत का सुटी, हे सगळं जुळलं पाहिजे. अजून एक अडचण म्हणजे डब्लिनमध्ये 1800 नंतर दुकानदार स्वतःचं नाव पण वेगळ्या पंचाने मारायचे, 'वेस्ट' किंवा 'लॉ' असं पूर्ण आडनाव दिसलं तर तो बहुतेक विकणारा, घडवणारा वेगळा. वेस्ट घराण्यात घडवणारे पण होते म्हणून तिथे जास्त जपून. तुमच्या फोटोत दुसरं अक्षर 'एस' आहे का 'बी' हे मला कळत नाहीये, ते लागलं की पुढचं सांगतो.

अक्षर कच्चा साक्षीदार का म्हणतो त्याचं अजून एक कारण सांगून ठेवतो. 1740 ते 1770 च्या आसपासच्या भरपूर डब्लिन वस्तूंवर वर्षाचं अक्षरच नसतं. हार्प आहे, हायबर्निया आहे, कारागीर आहे, अक्षर गायब. लोकांना वाटतं खोटं आहे, ठसा अपुरा आहे. अजिबात नाही, त्या काळात अक्षर मारायची शिस्तच ढिली होती, आणि रॉबर्ट कॅल्डरवुडसारख्या त्या काळच्या मोठ्या सोनाराची उत्तम कामं पण अशी बिनाअक्षराची मिळतात. अशा वेळी 'सुमारे 1755' असं लिहायचं आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. उगाच अक्षर शोधून काढलं तर ते ओरखड्यातून काढलेलं असतं.

आता साखरेचं भांडं, आणि खरं सांगायचं तर लॉटमधली भारी वस्तू हीच आहे.

डब्लिनला एकच तपासणी कार्यालय, आणि कॉर्क, लिमरिक, गॉलवे ही गावं लांब. अठराव्या शतकातले रस्ते, दरोडे, घोडागाडीचा खर्च, तयार भांडं हलवताना चेपायची भीती. कॉर्कचा सोनार एक साखरेचं भांडं घडवणार, ते डब्लिनला पाठवणार, ठसा मारून परत आणणार, मग गिऱ्हाइकाला देणार, हे जमणारं नव्हतं. म्हणून कॉर्कवाल्यांनी स्वतःचा मार्ग काढला. सतराव्या शतकात ते जहाज आणि किल्ला असे ठसे मारायचे, कॉर्क शहराच्या चिन्हात दोन बुरुजांमधून जाणारं जहाज आहे तिथून ते आलं. 1710 च्या दशकापासून त्यांनी ते बाजूला ठेवून सरळ 'स्टर्लिंग' हा शब्दच पंच करून मारायला सुरुवात केली, सोबत आपली आद्याक्षरं. म्हणजे गिऱ्हाइकाला सोनाराने दिलेला शब्द, चांदी 925 ची आहे, माझं नाव खाली आहे. स्पेलिंग पण ज्याचं त्याचं, कुठे स्टिर्लिंग, कुठे स्टार्लिंग असंही सापडतं, आणि तसं स्पेलिंग दिसलं तर घाबरायचं नाही.

अमेरिकन चांदीवर पण 'स्टर्लिंग' असतं, म्हणून तो गोंधळ. पण अमेरिकेत तो शब्द सर्रास आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कारखान्यातल्या वस्तूंवर, आणि तिथे सोबत कंपनीचं चिन्ह, पॅटर्न नंबर वगैरे असतं, अक्षरं एकसारखी यंत्रासारखी. कॉर्कचा पंच हाताने कापलेला असतो, अक्षरं चौकटीत उठावाची असतात, एखादं अक्षर बुटकं, एखादं तिरकं, आणि पंच सरळ बसलेला नसतो. तुमच्या फोटोत शेवटचं 'जी' चौकटीच्या कडेला दाबलं गेलंय आणि आद्याक्षरांचा पंच दोनदा मारलाय, 'स्टर्लिंग'च्या दोन्ही बाजूंना. हे कॉर्कचं नेहमीचं वळण आहे.

घाट पण तेच सांगतो. तीन पाय, पायांचे तळ पंजासारखे, आणि पाय जिथे पोटाला लागतो तिथे सिंहाचं तोंड. हे तीन पायांचं साखरेचं भांडं आणि तशीच दुधाची किटली अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये इतकी आवडीची होती की लांबून बघून आयरिश म्हणता येतं. अमेरिकन कारखान्याने असं केलं असतं तर तिन्ही सिंह हुबेहूब एक असते, तुमच्या भांड्यावरचे तीन सिंह भिंगाखाली जुळवून बघा, ओतल्यावर प्रत्येकावर हाताने काम केलेलं असतं म्हणून आयाळ आणि भुवया थोड्या थोड्या वेगळ्या निघतात.

कॉर्कच्या सोनारांत नावं खूप आहेत, रॉबर्ट गोबल, विल्यम रेनॉल्ड्स, जॉन निकोल्सन, सॅम्युअल ग्रीन. मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती कार्डन टेरी आणि जेन विल्यम्स ही जोडी, बाप-लेक, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन दशकांतली, वरच्या ओळीत 'सीटी' आणि खालच्या ओळीत 'आयडब्ल्यू' असा ठसा (जेनच्या 'जे' च्या जागी 'आय'). नवरा गेल्यावर ती वडिलांबरोबर पेढी चालवायला बसली आणि त्या दोघांच्या कामाचा दर्जा आजही हातात घेतल्यावर कळतो. तुमचं भांडं त्यांचं नाही, ते त्यांच्या आधीचं आहे, घाटावरून साधारण 1760-70 चं वाटतंय.

कॉर्कच्या पलीकडची गावं थोडक्यात सांगतो कारण ती फार क्वचित हाती लागतात. गॉलवेचा ठसा नांगर, जहाजाचा. यॉलचा छोटी होडी. लिमरिकने सुरुवातीला किल्ला मारला, नंतर कॉर्कसारखंच 'स्टर्लिंग' वापरलं. पण नांगर दिसला म्हणून गॉलवे म्हणू नका, 1773 पासून बर्मिंगहॅमच्या कार्यालयाचा ठसा नांगरच आहे, आणि सोबत चालणारा सिंह असेल तर विषय संपला, ते बर्मिंगहॅम. तसंच तीन बुरुजांचा किल्ला बहुतेक वेळा एडिनबरा असतो, कॉर्क नाही. डब्लिनच्या दुकानदाराचं नाव आणि खाली इंग्लिश ठसे असं तर खूपच सापडतं, व्हिक्टोरियन काळात डब्लिनची दुकानं इंग्लंडहून माल आणायची, ते आयरिश दुकानात विकलं गेलेलं इंग्लिश काम. प्रामाणिक वस्तू असते ती, फक्त आयरिश चांदी म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

तुम्ही कॉर्कला राहता म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1922 च्या उन्हाळ्यात यादवी युद्धात कॉर्क रिपब्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडबरोबरचा करार न मानणाऱ्यांच्या, ताब्यात होतं, रस्ते आणि रेल्वे तुटलेल्या, डब्लिनला माल पाठवायचा मार्गच बंद. तेव्हा कॉर्कच्या विल्यम इगन अँड सन्स या पेढीने दोनशे वर्षांपूर्वीची जुनी वाट परत धरली आणि स्वतःचे जहाज आणि किल्ल्याचे पंच बनवून मारले, सोबत पेढीची आद्याक्षरं. थोडेच महिने चाललं ते, मोजक्याच वस्तू बनल्या, आज त्याला रिपब्लिकन सिल्व्हर म्हणतात आणि कलेक्टर त्यावर जीव टाकतात. म्हणूनच त्याची नक्कल पण होते. तसा ठसा कुणी दाखवला तर लगेच खिशात हात घालू नका, आधी अस्सल वस्तू बघून या. कॉर्क पब्लिक म्युझियम फिट्झगेराल्ड पार्कमध्येच आहे, तिथे कॉर्कची चांदी ठेवलेली आहे, आणि डब्लिनला आलात तर कॉलिन्स बॅरॅक्समधल्या नॅशनल म्युझियममध्ये जा. काचेबाहेरून का होईना पण खरं काम डोळ्यात बसलं की खोटं आपोआप खटकायला लागतं.

खोट्याबद्दल बोलायलाच हवं. पहिला प्रकार, ठसा खरा पण वस्तू दुसरी. एखाद्या मोडीत निघालेल्या चमच्यातून ठशांचा तुकडा कापून मोठ्या भांड्याच्या बुडात डाख देऊन बसवायचा, ड्युटी चुकवायला जुन्या काळातही हे करायचे. ठशांभोवती हळूच तोंडाची वाफ सोडा, वाफ विरताना डाखेची रेषा वेगळी दिसते, कारण डाखेची चांदी वेगळ्या कसाची असते. दुसरा प्रकार, खरा चमचा साच्यात घालून ओतलेली नक्कल. त्यात ठशांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात, तळात बारीक छिद्रं दिसतात, आणि सहा चमच्यांच्या सेटवर ठसे अगदी त्याच जागी त्याच तिरकेपणाने असतात. हाताने मारलेले पंच सहाही चमच्यांवर तंतोतंत एका जागी कधीच पडत नाहीत. तिसरा प्रकार खोटा म्हणता येणार नाही पण किंमत पाडतो, साध्या जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या, भांड्यावर व्हिक्टोरियन काळात मागाहून काढलेलं उठावाचं नक्षीकाम. फुलं-पानं ठशांवरून गेली असतील, ठसा नक्षीखाली चेपला असेल, तर नक्षी नंतरची. तुमच्या भांड्याचं पोट साधं आहे, फार बरं झालं.

आयरिश डिश रिंगमध्ये पण हेच जपायचं, त्याला लोक पोटॅटो रिंग म्हणतात, जाळीदार चांदीचं कडं, गरम भांडं टेबलावर थेट टेकू नये म्हणून. अठराव्या शतकातली मूळ आहेत आणि 1900 च्या आसपास त्यांची परत फॅशन आली तेव्हाची भरपूर आहेत, घाट तोच, पण नंतरच्यांवर तीच हार्प आणि हायबर्निया पण गॉथिक अक्षर. तिथे अक्षराचं वळण वाचता आलं नाही तर दीडशे वर्षांचा फरक पडतो.

बुडाकडे अजून एकदा बघा. तुमच्या भांड्याच्या तळाला मला बारीक खरवडलेले आकडे दिसतायत, ते ओरखडे नाहीत, ते त्या वेळचं वजन आहे, ट्रॉय औंस आणि पेनीवेट. एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, त्यात वीस पेनीवेट. आकडे वाचून ग्रॅममध्ये काढा आणि किचनच्या काट्यावर नाही तर जरा चांगल्या काट्यावर भांडं तोला. थोडं कमी भरलं तर ते अडीचशे वर्षांचं घासणं. बरंच कमी भरलं तर कुणीतरी कोरलेलं जुनं घराण्याचं चिन्ह घासून काढलंय किंवा काहीतरी कापलंय. जास्त भरलं तर मागाहून काही जोडलंय, आणि ते जास्त काळजीचं.

साफ करताना कृपा करून रांगोळी, टूथपेस्ट, चिंच काही लावू नका. देवघरातली चांदी आपण तशी घासतो आणि ती लख्ख दिसते, पण प्रत्येक घासणीत वरची चांदी जाते आणि पहिले बळी ठसे असतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कपडा, आणि ठशांच्या खोबणीतला काळेपणा तसाच राहू द्या, त्या काळ्यामुळेच अक्षर वाचता येतं. चांदी चमकवायच्या तयार रसायनात, म्हणजे डिपमध्ये, बुडवायचं तर अजिबात नाही.

टीपॉट. ईपीएनएस म्हणजे निकेल मिश्रधातूवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा, म्हणजे 1840 नंतरचा. शॅमरॉक आणि वुल्फहाऊंडची (आयरिश शिकारी कुत्रा) नक्षी व्हिक्टोरियन लोकांना आवडायची आणि ती बऱ्याचदा इंग्लंडमध्येच बनायची. खाली हार्पसारखं काही चिन्ह असेल तर तो कंपनीचा ट्रेडमार्क, कसाचा ठसा नव्हे. चहाला वापरा, चांगलाच आहे.

किमतीचं विचारलंत म्हणून सांगतो, पण आकडा देणार नाही कारण वस्तू हातात न घेता आकडा देणं मला पटत नाही. डब्लिनचा चमचा सुंदर आहे पण तसे बरेच मिळतात. कॉर्कचं भांडं वेगळं, बाहेरगावच्या चांदीला, म्हणजे डब्लिन सोडून बाकी गावांच्या, कलेक्टर चांदीच्या भावाच्या कितीतरी पट देतात, आणि ज्याने तुम्हाला अमेरिकन आहे म्हणून सांगितलं त्यालाच ते मोडीच्या भावात विकू नका. विमा करायचा असेल तर आयरिश चांदी बघणाऱ्या माणसाकडून लेखी मूल्यांकन घ्या, नुसत्या दागिन्यांच्या दुकानातून नको.

आता मला अजून फोटो लागतील. चमच्याच्या आद्याक्षरांचा एक, फ्लॅश बंद, उजेड डावीकडून तिरका, मग तसाच उजवीकडून. भांड्याच्या बुडाचा पूर्ण फोटो आणि खरवडलेल्या आकड्यांचा जवळून. तिन्ही पाय जिथे पोटाला जोडलेत तिथला आतल्या बाजूचा एक, कारण कधी पाय बदललेले असतात आणि ते आतून ठिगळासारखं दिसतं. आणि वजन ग्रॅममध्ये लिहा, एका दशांशापर्यंत.